अर्धा मिलिमीटर सरका!

अंगठीचा क्लोज-अप काढायला घेतला की बोटभर अंगठी एकदम घाटरस्त्याएवढी लांब होते. खडा लख्ख, तर त्याला धरणाऱ्या दाती धुक्यात. दातींवर फोकस आणा, खडा गायब!

यात कॅमेऱ्याचा दोष नाही. १:१ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर मूळ मापाची उमटते तेव्हा, फुल फ्रेमवर (३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर) एफ/८ ला (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं भोक बारीक) जेमतेम १ मिलिमीटर भाग फोकसमध्ये येतो. अंगठी २० मिलिमीटर खोल. उरलेल्या १९ मिलिमीटरचं काय, ते लेन्सच्या माहितीपत्रकात नसतं.

इथे हमखास सल्ला येतो : 'भोक बारीक केलं की जास्त भाग फोकसमध्ये येतो, एफ/२२ कर ना!' १:१ ला एफ/२२ चं काम एफ/४४ सारखं चालतं. भोक इतकं बारीक होतं की डिफ्रॅक्शनने, म्हणजे कडेवरून प्रकाश वाकल्याने, प्रत्येक बिंदू पसरतो. सगळ्यांना समान न्याय मिळतो, सगळंच सारखं मऊ.

तेव्हा मुकाट्याने एफ/५.६ वर यावं आणि फोकस स्टॅकिंग करावं, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढून त्यांचे स्पष्ट भाग एका फोटोत जोडावेत. अंगठी पुट्टीवर चिकटवायची, कॅमेरा रेलवर, म्हणजे स्क्रूने पुढे-मागे सरकणाऱ्या पट्टीवर. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं मॅन्युअल. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. २ सेकंदांचा टायमर. एका फेऱ्यात १ मिलिमीटर सरकणारा स्क्रू असेल तर अर्धा फेरा, क्लिक, अर्धा फेरा, क्लिक. पुढून मागे असे ४१ फोटो. इथे एफ/५.६ ला फोकसमधला भाग साधारण ०.६७ मिलिमीटर असतो, म्हणून ०.५ च्या टप्प्यात दोन फोटो एकमेकांवर थोडे चढतात. ही उधळपट्टी नाही, गरज आहे.

स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा. मध्येच 'जरा मागे घेतो' म्हटलं, की आट्यांमधली ढिलाई आधी तो फेरा गिळते. स्क्रू फिरतो, कॅमेरा ढिम्म. एक टप्पा हुकला तर खड्याच्या पोटावर धूसर पट्टा येतो, आणि तो कळतो कधी? अंगठी उचलून डबीत ठेवल्यावर. पंखा बंद हवाच. पण घरातलं कोणी 'झालं का?' विचारायला पावलं वाजवत आलं, तर त्याला बटण नाही.

मग फोटो जोडायला हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर हे सॉफ्टवेअर. झेरीनमध्ये जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. पीमॅक्स बारीक कडा छान राखतं, पण नॉइज (फोटोतले रवे) वाढवतं. डीमॅपचे रंग गुळगुळीत, पण दात खड्यावर येते तिथे गोंधळतं. मी दोन्ही चालवून डीमॅपवर पीमॅक्सच्या कडा हाताने रंगवण्याच्या मताचा आहे. वेळखाऊ आहे, हे मान्य.

एवढं करून पडद्यावर काय दिसतं? धूळ. प्रत्येक कण, कापडाचा एक तंतू आणि कडीवरचा अंगठ्याचा ठसा. रेषा मोजता येतील इतका शार्प, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ब्लोअर आधी मारायचा असतो.