नॅक येतंय? मग विद्यापीठ सुगम करून टाका!

पत्र तुमच्या टेबलावर आलंच असेल. 'समान संधी कक्षाचे समन्वयक म्हणून आपली नियुक्ती करण्यात येत आहे.' घाबरू नका. त्या बैठकीला तुम्ही उशिरा पोहोचलात, एवढाच त्याचा अर्थ. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती तोंडावर आहे, त्यात दिव्यांगस्नेही परिसराला गुण आहेत आणि ते मिळवायला प्रत्यक्ष दिव्यांगांची काही गरज पडत नाही. मी पूर्ण अंध आहे, तुमच्यासारख्याच एका विद्यापीठाची पदवीधर आहे आणि परवाच ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा दाखला, काढायच्या निमित्ताने तिथला सगळा सुगमपणा हाताने चाचपून आले आहे. तेव्हा अनुभवी बाईचा सल्ला समजून ऐका.

सुरुवात रॅम्पने करा. नॅकला पुरावा म्हणून फोटो लागतात, तेही जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद केलेले, आणि फोटोत रॅम्पइतकं छान दुसरं काही दिसत नाही. उताराच्या हिशोबात पडू नका. मानक सांगतं एकास बारा, म्हणजे फूटभर चढायला 12 फूट लांबी. तीन फुटांचं जोतं असेल तर 36 फूट झाले. एवढी जागा रॅम्पला दिली तर कुलगुरूंची गाडी उभी कुठे करायची? आठ फुटांत उरका. माझी एक मैत्रीण व्हीलचेअर वापरते. ती असल्या रॅम्पला घसरगुंडी म्हणते. चढताना दोन शिपाई लागतात आणि उतरताना देव. रॅम्प जिथे संपतो तिथे एक छोटी पायरी मात्र ठेवा. पावसाचं पाणी आत येत नाही.

लिफ्टला कुलूप लावा. किल्ली ज्यांच्याकडे असते ते आत्ताच चहाला गेलेले असावेत.

दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह बांधाच, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना कोरडी जागा लागतेच.

ब्रेलमधली पाटी काचेच्या आत बसवा. बोटं लागून खराब होत नाही.

आता अंधांना वाट दाखवणाऱ्या पिवळ्या फरशा. या जपानमध्ये ओकायामा शहरात 1967 साली पहिल्यांदा रस्त्यावर लागल्या. त्यांचा नियम पायाला कळेल इतका सोपा आहे: उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे वळण, जिना किंवा रस्ता आहे. पण आपल्याकडे नक्षी कशी दिसते याला महत्त्व, त्यामुळे निर्णय ठेकेदारावर सोडा. परवा मी त्या रेघांवर विश्वास ठेवून चालत गेले आणि थेट एका कुंडीवर आदळले. चांगली गुडघ्याएवढी, सिमेंटची. कुंडीच्या पलीकडे पट्टी पुन्हा सुरू होत होती आणि मोटारसायकलींच्या रांगेखाली जात होती. ठिपक्यांची फरशी कुठेच नव्हती. थांबण्यासारखं काही आहे असं ठेकेदाराला वाटलं नसावं.

ग्रंथालयात कोणी पुस्तकाची सॉफ्ट कॉपी मागितली तर कॉपीराइटचं कारण सांगून मोकळे व्हा. वाचनाची अडचण असलेल्यांसाठी सुगम प्रत करता यावी म्हणून कॉपीराइटचा कायदा 2012 मध्येच बदलला आणि 2014 मध्ये त्यासाठीचाच मराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारतच होता, हे तुमच्या ग्रंथपालांच्या कानावर जाणार नाही याची काळजी घ्या. सुगम्य पुस्तकालयाचं नाव तर काढूच नका. वाचनाची अडचण असलेल्यांचं ते ग्रंथालय 2016 पासून ऑनलाइन आहे, कोणी तरी सभासद व्हायचं.

परीक्षेला लेखनिक मागणाऱ्या मुलाला परवानगीचं पत्र आदल्या संध्याकाळी द्या. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात हे पर्यवेक्षकाला सांगू नका. मुलगा सांगेल, पर्यवेक्षक वरती विचारून येतील, तेवढ्यात जादा वेळ संपेल.

हे झालं जमिनीवरचं. खरी कमाल तुम्हाला वेबसाइटवर करायची आहे.

वरच्या कोपऱ्यात लहान 'अ', मधला 'अ' आणि मोठा 'अ' अशी तीन बटणं लावा. शेजारी 'स्क्रीन रीडर अ‍ॅक्सेस' असा दुवा द्या. तो उघडल्यावर जगात कोणकोणते स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर, मिळतात याची यादी यावी. म्हणजे स्क्रीन रीडर लावून वेबसाइट ऐकत असलेल्या बाईला तुम्ही सांगणार की बाई गं, स्क्रीन रीडर नावाची एक वस्तू असते. मी एनव्हीडीए वापरते. ते फुकट आहे, 2006 पासून आहे आणि मराठी बोलतं. तुमच्या यादीची मला गरज नव्हती. मला त्या यादीखालचं पान वाचायचं होतं.

परिपत्रकं मात्र नेहमीच्याच पद्धतीने चढवा. आधी संगणकावर टाइप करायचं, मग छापायचं, सही-शिक्का मारायचा, मग तिरकं धरून स्कॅन करायचं. माझा संगणक ते उघडतो आणि म्हणतो, दस्तऐवज रिकामा आहे. 'ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज करण्याच्या सुधारित सूचना', पानं सात, मजकूर शून्य. एखादं परिपत्रक चुकून स्कॅन करायचं राहिलंच तर ते श्रीलिपी नाही तर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असू द्या. डोळ्यांना ते शुद्ध मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा असतो आणि मला तोच ऐकू येतो, अक्षर न अक्षर, सविस्तर. विंडोज 2000 बरोबर मंगल हा युनिकोड, म्हणजे संगणकाला मराठी मराठीच म्हणून कळणारा फॉन्ट घरोघरी आला. तेव्हा जन्मलेली मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, तुमच्या आवक-जावक विभागाचा फॉन्ट काही पडला नाही.

आणि कॅप्चा. कॅप्चा विसरू नका हां.

अर्जाच्या पानावर मी कशीबशी पोहोचले. कशीबशी, कारण निम्म्या बटणांना नावंच नव्हती; कानात नुसतं 'बटण, बटण, ग्राफिक, बटण' चाललं होतं. अंदाजाने दाबत गेले. नाव भरलं, आसन क्रमांक भरला, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष भरलं, फोटो ठरलेल्या केबीत बसवला, सहीसुद्धा बसवली. शेवटी वाक्य आलं: 'वरील चित्रातील अक्षरे टाइप करा.' वर काय आहे? ग्राफिक. कुठलं? नुसतं ग्राफिक. आवाजाचा पर्याय? नाही. मोबाइलवर ओटीपी पाठवून चालेल का? ओटीपी एकदा येऊन गेलेला होताच, पण तो वेगळा, त्याने माझं माणूसपण सिद्ध होत नाही. गंमत बघा, समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखायला ती चौकट असते. मी यंत्र नाही हे तुमच्या यंत्राला पटवायला मला डोळे लागतात. विचार करत बसले तेवढ्यात 'आपले सत्र संपले आहे' असं ऐकू आलं. सगळं पुन्हा. पुन्हा बटण, बटण, ग्राफिक, बटण.

हेल्पलाइनला फोन लावला. अगदी गोड आवाज होता. "मॅडम, घरात कोणी नाही का?"

घरात कोणी नाही. मी एकटी राहते, कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते, स्वतःचं विजेचं बिल स्वतः भरते आणि वयाने चांगली मोठी आहे. "मग सायबर कॅफेत जा ना, तो पोरगा करून देतो." म्हणजे माझं आधार, माझा मोबाइल, त्यावर येणारा ओटीपी आणि ईमेलचा पासवर्ड चौकातल्या कोणा पोराच्या हातात द्यायचा. तुमच्या मुलीला द्याल हा सल्ला? मला किती सहज दिलात.

गेले मग विद्यापीठात. कुंडीचं सांगितलंच. रिक्षावाले दादा भले, त्यांनी खिडकीपर्यंत हात दिला. खिडकीतल्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं असेल-नसेल, प्रश्न मात्र दादांना विचारला: "यांचं काय काम आहे?" दादा म्हणाले, "मला काय माहीत साहेब, माझं मीटर चालू आहे." मी कामाचं सांगितलं. साहेब पुन्हा दादांना: "यांना सांगा, ऑनलाइन करावं लागतं. सोबत कोणाला तरी घेऊन बसा म्हणावं."

हेच ते. रॅम्पवर दोन शिपाई, खिडकीवर नातेवाईक, कॅप्चाला शेजारी, फॉर्मला सायबर कॅफे. तुमची सगळी व्यवस्था माझ्यासोबत कोणीतरी असणारच असं धरून उभी आहे. भाऊ, नवरा, मैत्रीण, आई, रस्त्यावरचा भला माणूस. आणि तो असला की तुमचं काम संपलं, कारण काम झालंच ना! अर्ज गेला ना! मग तक्रार कसली? ज्या मुलीला रोज सोबत यायला कोणी नाही ती प्रवेशच घेत नाही, आणि मग तुम्हीच बैठकीत सांगता, "आमच्याकडे दिव्यांगांचा प्रतिसाद नाही हो, राखीव जागा रिकाम्या राहतात." पाच टक्के जागा कायद्याने ठेवल्यात. तिथपर्यंत पोहोचायची वाट तुम्ही कुंड्या ठेवून अडवलीत.

कायद्याचं म्हणाल तर त्याची भीती बाळगायचं कारण नाही, हे मीच सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा, लागू झाला 19 एप्रिल 2017 ला. सुगमतेच्या अटी पाळल्याशिवाय नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, असं त्यात लिहिलंय. जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षं दिली, तीही 2022 मध्ये संपली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते शिफारसवजा ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे नियम करा. हा खटला 2005 सालचा. एप्रिल 2025 मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. त्या प्रकरणात अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. केवायसी करताना मोबाइल सांगायचा डोळे मिचकावा, आणि त्यांना ते जमत नव्हतं. एवढं सगळं असूनही नियम मोडला तर पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त 10,000 रुपये. दीक्षान्त समारंभाच्या पुष्पगुच्छांत तुम्ही याहून जास्त घालवत असाल.

आणि पैशाचं रडगाणं माझ्यापुढे नको. स्कॅन न करता फाइल थेट पीडीएफ म्हणून जतन करायला काय खर्च येतो? युनिकोडला? बटणाला नाव द्यायला प्रोग्रामरला मिनिटभर लागतं. कॅप्चाला आवाज जोडायचा की तो काढूनच टाकायचा, हा निविदेचा विषय नाही. कुंडी उचलायला दोन माणसं लागतात. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात 2003 पासून दृष्टिहीनांसाठी साधन केंद्र चालू आहे, जाऊन विचारा ते कसं चालवतात. तुमच्याच विद्यापीठात अंध, कर्णबधिर, व्हीलचेअरवरची मुलं शिकतायत, त्यांना कधी बोलावलंत? बोलावता, 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी. व्यासपीठावर बसवता, शाल-श्रीफळ देता आणि फोटो काढता. त्या व्यासपीठालाही रॅम्प नसतो, मुलाला खुर्चीसकट उचलून वर ठेवतात आणि तुम्ही टाळ्या वाजवता. लाज वाटत नाही?

समन्वयक साहेब, नॅकच्या आधी एवढं करा. संगणकाचा पडदा बंद ठेवा. माऊस बाजूला काढा. एनव्हीडीए लावा, फुकट आहे हे सांगून झालंय. आणि तुमच्याच पोर्टलवर तुमच्याच ट्रान्सक्रिप्टचा अर्ज भरा. अडलात तर हेल्पलाइनला फोन करा. सोबत कोणाला बसवायचं नाही.