“गाणी ऐकून नाही” या शेऱ्याबद्दल

नमस्कार,

एल्व्हिस प्रेस्ली नव्याने ऐकणाऱ्यांसाठी मी लिहिलेल्या लेखावरची, त्यातल्या गाण्यांच्या यादीवरची, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आधी चूक कबूल करतो. मेम्फिसच्या ‘सन’ या रेकॉर्ड कंपनीच्या सॅम फिलिप्सने एल्व्हिसचा करार आरसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीला ३५,००० डॉलरना विकला तो नोव्हेंबर १९५५ मध्ये. मी १९५६ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण त्यासाठी “लेखकमहाशय, आधी अभ्यास वाढवा” ही भाषा कशाला? साल चुकलंय एवढंच कळवलं असतंत तरी मी ते लगेच बदललं असतं.

आणि ते दुसरं वाक्य : “तुमची यादी मासिकं वाचून केलेली आहे, गाणी ऐकून नाही.” हे मला लागलं. ‘सन’ची गाणी मी पहिली ठेवली ती कुणी तरी थोर म्हटलंय म्हणून नाही.

मिरजेला मामाकडे एल्व्हिसची एक कॅसेट होती. तिच्यात ‘सन’चं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ होतं. मी तेव्हा नववीत, तबला शिकत होतो, त्यामुळे कान आधी ठेक्याकडे जायचा. गाण्यात ड्रम नाही, तरी लय तसूभर पडत नाही. मग हे ‘टप् टप्’ वाजतंय काय? एक सबंध दुपार मी तेवढाच तुकडा मागे नेऊन ऐकत बसलो, शेवटी मामीने टेपरेकॉर्डरच बंद केला. तो बिल ब्लॅकचा डबल बास, म्हणजे उभं ठेवून वाजवायचं मोठं तंतुवाद्य, होता. तार ओढून सोडली की ती पट्टीवर आपटते, तोच ठेका. बिल मन्रोचं मूळ गाणं पुढे कितीतरी वर्षांनी ऐकलं. ते तीन मात्रांत, दादऱ्यासारखं झुलतं. या पोरांनी ते चारात आणून पळवलं. हे मला कुठल्या मासिकाने शिकवलं, ते सांगाल का?

५ जुलै १९५४ ला मेम्फिसमध्ये ‘सन’साठी ‘दॅट्स ऑल राइट’ रेकॉर्ड झालं तेव्हा एल्व्हिस एकोणीस वर्षांचा होता. त्याची गिटार, स्कॉटी मूरची इलेक्ट्रिक गिटार आणि बिलचा बास, बस. सगळं सुटं सुटं ऐकू येतं, गळा कुठे ओढतो, कुठे सोडून देतो ते कळतं. १९७३ च्या हवाईच्या कार्यक्रमात मागे अख्खा ऑर्केस्ट्रा आहे, कोरस आहे. तोही मला आवडतो. पण नवख्या माणसाला त्यात हा गळा सापडायला वेळ लागतो. म्हणून सुरुवात ‘सन’पासून, आणि यावर मी ठाम आहे.

बाकीचे मुद्दे. भक्तिगीतं राहिली म्हणता. त्याची तिन्ही ग्रॅमी त्यांनाच मिळाली हे मलाही ठाऊक आहे, पण लेख रॉक अँड रोलवर होता. ‘दॅट्स ऑल राइट’ मूळ आर्थर क्रुडपचं, हे मी तिसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय, लेख पुरता वाचायची तसदी घेतली असतीत तर दिसलं असतं. एल्व्हिसच्या सिनेमांवर मला लिहायचं नाही.

तुम्ही स्वतः एल्व्हिसचं पहिलं गाणं कोणतं ऐकलंत, कुठे ऐकलंत, याची एक ओळ तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत नाही. ती लिहा, मग कोणी काय ऐकलंय यावर बोलू.