बंदुकीत सुतळी बॉम्बची दारू? तो मेसेज आधी पुसून टाका

“मामा, सुतळी बॉम्ब किती फोडायचे?” भाच्याने हे विचारलं आणि माझं डोकं फिरलं. ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर ‘वाड्यातली चकमकीची बंदूक (गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारी) दसऱ्याला उडवा’ हा मेसेज फिरतोय. सुतळी बॉम्ब उकलून त्यांची दारू बंदुकीत भरायची, ही त्यातली पहिली पायरी.

चकमकीची रायफल मी पेनसिल्व्हेनियात नोकरीला असताना शिकलो. तिथे हरणांच्या शिकारीला खास चकमकीचा हंगाम असतो, त्यामुळे शिकवणारेही भेटतात. बंदुकीची काळी दारू जळत जाते आणि गोळीला ढकलते. फटाक्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते. तिचा दाब इतक्या झटक्यात चढतो की गोळी सरकायच्या आत नळी फाटू शकते. नेम धरताना डावा हात नेमका नळीखाली असतो. बोटं जातील, डोळा जाईल. काळी दारूसुद्धा मापानेच घालायची आणि गोळी गजाने थेट दारूवर टेकवायची. मध्ये पोकळी राहिली तरी नळी फुगते किंवा फुटते.

मेसेज पुढे म्हणतो, ‘बार उशिरा उडतो, म्हणून ड्रिलने कान मोठा करा.’ अजिबात नको. कान म्हणजे नळीच्या बाजूचं भोक, ज्यातून जाळ आतल्या दारूपर्यंत पोचतो. तो जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो. मोठा केला की जाळ बाजूच्या माणसाच्या तोंडावर येतो. उशीर होतो तो बहुतेकदा रंजक, म्हणजे ठिणगीने पेटणारी बाहेरची चिमूटभर दारू, कानात ठासल्यामुळे. मग ती वातीसारखी जळत बसते. कानाबाहेरच्या छोट्या पेल्यात रंजक थोडी आणि कानाच्या खाली ठेवा.

‘कुठलीही गारगोटी चालते’ हे अर्धं खरं, मान्य. नर्मदेकाठचा अकीकही ठिणगी पाडतो. पण ठिणगी म्हणजे खरवडलेलं पोलाद. दगडाला धार हवी, तो चामड्यात गच्च बसवायला हवा आणि तो जिच्यावर आपटतो ती समोरची पोलादी पट्टी कडक हवी.

आणि मेसेजमध्ये लिहिलंय तशा महादजी शिंद्यांच्या पलटणी ‘रायफलींनी अर्ध्या मैलावर’ नेम धरत नव्हत्या. रायफलीच्या नळीला आतून पेचदार खाचा असतात. महादजींचा युरोपी सेनानी द बॉयन याच्या कंपूंसाठी (पलटणींच्या तुकड्यांसाठी) आग्र्यात बनलेल्या बंदुका गुळगुळीत नळीच्या होत्या. शंभर यार्डांपुढे त्यांचा भरवसा नव्हता.

आणि ‘जुन्या बंदुकीला लायसन लागत नाही’? शस्त्र कायदा, १९५९, कलम ४५ वाचा. जुनाट शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नसेल तरच. म्हणजे जी उडते, तिला लायसन लागतंच. माळ्यावर अशी बंदूक सापडली तर ती भरलेलीच आहे असं धरा, घोड्याला हात लावू नका आणि ठाण्यात कळवा.