दम्याला दमा म्हणू या

गेल्या पावसाळ्यात माझ्या लेकीच्या फाईलवर पहिल्यांदा 'दमा' हा शब्द लिहिला गेला. ती सात वर्षांची होती. त्याआधी तीन वर्षं तिथे 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' असायचं.

आमचं घर गोव्यात डिचोलीतलं, जुनं, कौलारू. जून लागला की भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास. पहाटे तीनला पोर उठून बसायची. खांदे वर चढलेले, गळ्याखालची खळी आत ओढलेली, छातीतून बारीक शिटी. मग सिरप, अँटिबायोटिक, नेब्युलायझर. चार दिवस बरं, की पुन्हा तेच.

माझा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलाय. त्याच्या मुलाला हाच त्रास सुरू झाला, तेव्हा तिथे आधी त्याला यंत्रात फुंकायला लावलं. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडवरून श्वासनलिकेतल्या सुजेचा अंदाज येतो. मग स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकलेली हवा मोजायची चाचणी, निदान, आणि हातात एक कागद: रोजचा पंप कुठला, धाप लागली तर तातडीचा निळा पंप किती वेळा घ्यायचा, इस्पितळ कधी गाठायचं. त्याची प्रत शाळेतही दिली. एकाच आजीची ही दोन नातवंडं!

दमा तिकडेच जास्त, असं लोक म्हणतात. ते खोटं नाही. १९९८ साली आयझॅक या मुलांमधल्या दम्याच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे ५६ देशांतले आकडे आले, त्यात १३-१४ वर्षांच्या मुलांमध्ये ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड वर होते, भारत बराच खाली. पण आपल्याकडे ज्या मुलांची छाती वाजते, त्यांच्या त्रासाला नाव तरी मिळतं का? नंतरच्या भारतातल्या पाहणीत अशा दर शंभरातल्या साधारण ८२ जणांना दम्याचं निदान झालेलंच नव्हतं. हा आकडा वाचला आणि ती तीन वर्षं डोळ्यांपुढून गेली.

पाच वर्षांखालच्या मुलांना या चाचण्या नीट जमत नाहीत, तिथे कुठल्याही देशातला डॉक्टर लक्षणं आणि औषधाचा गुण बघूनच ठरवतो, हे मला मान्य आहे. चाचणीविना शिक्का मारणंही चूकच. नेदरलँड्समध्ये दम्याचं निदान झालेल्या मुलांच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तर अर्ध्याहून अधिक जणांना बहुधा दमा नव्हताच. म्हणून तर फुंकून बघायचं.

आमच्यात मात्र अडलं ते शब्दावर. मुलगी आहे, कागदावर दमा नको, पुढे स्थळं बघायची आहेत, असं घरातल्याच वडीलधाऱ्यांनी सांगितलं. पंपाची सवय लागते, हेही. अहो, रोजच्या पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि श्वासावाटे थेट श्वासनलिकेत पोचतं. धाप वाढली की देतात त्या स्टिरॉइडच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये आणि पूर्ण अंगभर. आम्ही लहान डोसाला भ्यालो आणि मोठा पुन्हा पुन्हा दिला. याचं मला अजून वाईट वाटतं.

आता ती स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, तोंडाला लावते, बोटांवर दहा मोजते, चूळ भरते आणि खेळायला पळते. भावाकडच्यासारखा कागद मी डॉक्टरांकडून भरून घेतला आणि मराठीत उतरवून तिच्या बाईंना दिला. निळा पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो, हे त्यांना माहीत आहे.