‘एकच फी, हवे तितके गेम’ हे गणित जुळत नाही

गेम खेळणाऱ्यांच्या गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: गाणी आणि चित्रपट महिन्याच्या ठरावीक वर्गणीत आले, आता गेमही येणार. महागडा पीसी नको, कन्सोल नको, एकेक गेम विकत घेणं नको. गेम क्लाउडवरून, म्हणजे कंपनीच्या दूरच्या यंत्रांवरून इंटरनेटने, स्ट्रीम करा, एकच फी भरा आणि हवं तितकं खेळा. स्पर्धा असल्यामुळे फी कमीच राहील, डेव्हलपरलाही, म्हणजे गेम बनवणाऱ्यांनाही, नियमित उत्पन्न मिळेल. आणि विकत घेतलेले डिजिटल गेम तरी कुठे आपले असतात?

मला गेम स्ट्रीमिंग आवडतं. ते टिकावं असंही वाटतं. म्हणूनच हा मजकूर खोडून काढणं गरजेचं वाटतं, कारण तो लोकांना अशा किमतीची सवय लावतो जी कुणालाच फार काळ परवडणारी नाही.

पहिला दावा: ‘चित्रपटांचं जमलं, तसं गेमचंही जमेल.’ सगळा गोंधळ इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू. चित्रपट एकदा एन्कोड केला, म्हणजे डिजिटल फाइलच्या रूपात आणला, की त्याच्या तयार फाइल्स जगभरच्या सर्व्हरवर ठेवता येतात. दहा लाख लोकांनी तो पाहिला तरी त्याच फाइल्स पुन्हा पुन्हा पाठवल्या जातात. आणखी एका प्रेक्षकाचा खर्च जवळपास नगण्य. गेममध्ये पाठवायला तयार असं काहीच नसतं. तुम्ही बटण दाबलं की तुमच्यापुरतंच चित्र त्या क्षणी तयार करावं लागतं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, म्हटलं तर एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यासाठी कुठेतरी एक ग्राफिक्स कार्ड (चित्र तयार करणारा संगणकाचा भाग) किंवा त्याचा ठरावीक हिस्सा तुमच्यासाठी अडकून पडतो, वीज खातो, तापतो. तुम्ही चार तास खेळलात तर चार तास अडकतो. इथे प्रत्येक तासाला खर्च आहे, आणि तो खेळणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढतच जातो.

त्यात अंतराची अडचण. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर दहा हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद नुसत्या प्रवासात जातात, तेही तार अगदी सरळ आहे असं धरून. शूटिंग किंवा फायटिंग गेममध्ये एवढा उशीर चालत नाही, म्हणून सर्व्हर खेळाडूच्या जवळच हवेत. आता एका भागातले बहुतेक लोक संध्याकाळी एकाच वेळी खेळायला बसतात. त्या गर्दीला पुरतील एवढी यंत्रं तिथेच उभी करावी लागतात, आणि उरलेला दिवस त्यातली बरीच रिकामी राहतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला रात्र असताना तिथली मोकळी यंत्रं इकडच्या गर्दीसाठी वापरता येत नाहीत. चित्रपटांच्या धंद्याला ही अडचण माहीतच नाही.

दुसरा दावा: ‘हवं तितकं खेळा.’ एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊ या गेम स्ट्रीमिंग सेवेकडे पाहा. ग्राफिक्स कार्ड स्वतः बनवणारी ही कंपनी, म्हणजे यंत्राचा खर्च तिच्यापेक्षा कमी कुणाला पडेल? तिनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये सशुल्क सदस्यांसाठी महिन्याला १०० तासांची मर्यादा जाहीर केली. मर्यादेनंतरचे १५ तास अमेरिकेत मधल्या योजनेत २.९९ डॉलर आणि वरच्या योजनेत ५.९९ डॉलर असे ठेवले. कंपनीचं म्हणणं होतं की ९४ टक्के सदस्य या मर्यादेच्या आतच खेळतात. तरीही उरलेल्या थोड्यांसाठी मर्यादा आणावी लागली, यावरून जास्त खेळणाऱ्यांचा भार केवढा असतो ते कळतं. आणि या फीमध्ये गेम धरलेलेच नाहीत! बहुतेक गेम तुम्ही दुसऱ्या दुकानातून आधी घेतलेले असावे लागतात. ही फी मुख्यतः यंत्राच्या वापराची. त्यावर गेमच्या हक्कांचे पैसे चढवले की ‘अमर्याद’ किती उरतं, ते ज्याने त्याने मांडून पाहावं.

असं आधीही घडलं आहे. १ डिसेंबर १९९६ रोजी एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने तासावर पैसे घेणं सोडून महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये अमर्याद इंटरनेट द्यायला सुरुवात केली. वापर इतका वाढला की लोकांना फोन लाइन मिळेना, आणि शेवटी कंपनीला ग्राहकांचे पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. तिथेही वापराच्या प्रत्येक तासाला एक मोडेम (फोन लाइनवरून इंटरनेट जोडणारं यंत्र) अडकत होता.

‘महागडं यंत्र लागत नाही’ हे मात्र बऱ्याच अंशी खरं. फक्त तो खर्च नाहीसा होत नाही, काही प्रमाणात इंटरनेटच्या बिलात जातो. गुगलच्या स्टेडिया या आता बंद झालेल्या गेम स्ट्रीमिंग सेवेवर ४के, म्हणजे अतिशय स्पष्ट, चित्रासाठी सेकंदाला ३५ मेगाबिटचा वेग लागायचा. तेवढा वेग पूर्ण वापरला तर तासाला पावणेसोळा गिगाबाइट होतात.

‘स्पर्धेमुळे फी कमी राहील’ या दाव्याला आकडेच उत्तर देतात. क्लाउड गेमिंग ज्या योजनेत २०२० पासून मिळू लागलं, त्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स गेम पास अल्टिमेटची अमेरिकेतली फी २०१९ मध्ये १४.९९ डॉलर होती. २०२३ मध्ये १६.९९, २०२४ मध्ये १९.९९, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट २९.९९. सहा वर्षांत दुप्पट. दरवाढ करण्यात काही गैर नाही. सुरुवातीचा दर हाच खरा दर, असं लोकांना सांगत राहणं गैर आहे.

डेव्हलपरच्या उत्पन्नाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. छोट्या स्टुडिओला एखादी सेवा आगाऊ रक्कम देते तेव्हा त्याची जोखीम खरोखर कमी होते. त्या पैशांमुळे पूर्ण झालेले गेम आहेत, ते नाकारणं अन्याय होईल. पण आगाऊ रक्कम म्हणजे नियमित उत्पन्न नव्हे. पुढचा करार होईल की नाही हे सेवाच ठरवते. विक्रीवरही परिणाम होतो: मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ही गेम कंपनी विकत घेण्याच्या व्यवहाराची चौकशी करणाऱ्या ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नोंदवलं होतं की, गेम पासमध्ये आल्यानंतरच्या बारा महिन्यांत मूळ गेमची विक्री घटते, असं मायक्रोसॉफ्टचंच अंतर्गत विश्लेषण सांगतं. आणि जिथे मोबदला खेळलेल्या तासांवर ठरतो, तिथे पाच तासांत आपलं म्हणणं पूर्ण सांगणारा नेटका गेम मार खातो. रोज हजेरी लावायला भाग पाडणाऱ्या, कधीच न संपणाऱ्या गेमला बक्षीस मिळतं. ठरावीक फी अशी गेमच्या घडणीतही शिरते.

राहिला शेवटचा प्रश्न, विकत घेतलेलं तरी आपलं कुठे असतं? शंका रास्त आहे. बहुतेक डिजिटल दुकानांत आपण गेम वापरण्याचा परवानाच घेतो. पण परवाना आणि वर्गणी यांत फरक पडतो, आणि तो स्टेडियाने दाखवला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ही सेवा गुगलने १८ जानेवारी २०२३ रोजी बंद केली. तिथल्या दुकानातून गेम विकत घेतलेल्यांना पैसे परत मिळाले. स्टेडिया प्रोची मासिक वर्गणी परत मिळाली नाही. गेमच्या पैशांचा परतावाही कंपनीने स्वतःहून दिला होता, त्यामुळे पुढच्या वेळी दुसरी कंपनी तसंच वागेल याची खात्री नाही. ज्यांना खरोखर स्वतःजवळ ठेवायचं आहे त्यांच्यासाठी जीओजीसारखी दुकानं आहेत. तिथे गेमची इन्स्टॉलर फाइल उतरवून घेता येते, आणि दुकान बंद झालं तरी ती चालते.