ती चकली मऊ पडायला नको होती

आज ऑफिसातल्या फराळाच्या देवाणघेवाणीतला एक डबा उघडला आणि डोकंच सणकलं. चकली, चिवडा आणि ओल्या नारळाच्या करंज्या एकाच डब्यात, मध्ये साधा कागदही नाही. चकलीचा काटा सुरेख उठलेला, पण मोडायला गेलं तर वाकत होती!

अरे, दोन किलो चकली म्हणजे काय असतं? मोहन, म्हणजे पिठात घालायचं गरम तेल, जास्त झालं तर तळताना विरघळते, कमी पडलं तर दातांना लागते. बुडबुडे थांबेपर्यंत मध्यम आचेवर तळायची, घाई केली की आतून कच्ची राहून दुसऱ्या दिवशी मऊ. एवढं सांभाळलेलं कुणीतरी भरताना पाच मिनिटांत घालवायचं?

आठ जण असाल तर पदार्थ सहाच ठरवा. चकली आणि करंजी दोघादोघांत, कारण सोऱ्याला आणि लाटायला जोडीचा हात लागतो. चिवडा, शेव, शंकरपाळी, बेसनलाडू एकेकाकडे. प्रत्येक पदार्थ दोन किलो, माणशी पाव किलो. म्हणजे प्रत्येकाच्या घरी दीड किलो फराळ जातो. हे पंधरा दिवस आधी ठरवा, नाहीतर पाच जण चिवडाच आणतात.

करंजी सुक्या खोबऱ्याचीच. ओल्या नारळाची चवीला सरस, मान्य. पण ती घरी खायची, दोन दिवसांत संपवायची. डब्यात तिचा ओलावा शेजारच्या चकलीने ओढला, दुसरं काही झालं नाही.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट भरलं की झाकणाला वाफ धरते आणि चिवडा सादळतो. बेसन गरम असताना साखर घातली तर लाडू बसतात, आणि बसलेले लाडू डब्यात एकमेकांना चिकटतात. तिखट-गोड वेगळं, लाडू कागदी वाट्यांत, करंज्या सगळ्यांत वर. शेंगदाणे-काजू कशात आहेत ते डब्यावर लिहा. कुणाला खरंच चालत नाहीत.

वेळ नसेल तर विकतचं आणा, हरकत नाही. फक्त तसं सांगा.

आणि त्या चकल्या टाकू नका हो. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या. पुन्हा खुसखुशीत होतील. त्यातली पहिली, जिने केल्या तिच्या हातावर ठेवा.