५८००एक्स३डी म्हणजे ‘नुसती जाहिरातबाजी’? तक्ता बरोबर, निष्कर्ष चूक

एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीचे दोन प्रोसेसर शेजारी शेजारी मांडणारा एक तक्ता बराच फिरतो आहे. एका बाजूला नोव्हेंबर २०२०चा रायझन ७ ५८००एक्स, दुसऱ्या बाजूला एप्रिल २०२२चा ५८००एक्स३डी. खाली दावा असा: कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) तेवढेच, क्लॉक स्पीड (सेकंदाला पडणारे ठोके) कमी, सिनेबेंच या चाचणीतही मागे, म्हणजे नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा मंद. गेममधली त्याची आघाडी ही १०८०पीवर, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर, चाचणी घेऊन केलेली हातचलाखी. शेवटी बेंचमार्कबद्दल, म्हणजे वेग मोजण्याच्या चाचण्यांबद्दल, ठसक्यात एक वाक्य: ‘बेंचमार्क खोटं बोलत नाहीत.’

तक्त्यातले आकडे खरे आहेत. गफलत त्यांच्यावरून काढलेल्या अर्थात आहे.

‘क्लॉक स्पीड कमी, म्हणून मंद’

५८००एक्सचा क्लॉक ३.८ गिगाहर्ट्झ, बूस्ट (गरजेला गाठता येणारा कमाल वेग) ४.७. एक्स३डीचा ३.४ आणि बूस्ट ४.५. नुसत्या गिगाहर्ट्झवरून प्रोसेसर जोखण्याचा वाद इंटेलच्या पेंटियम ४च्या काळातच निकालात निघाला होता. २००१मध्ये एएमडीने १.५३ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे १५३० मेगाहर्ट्झच्या, अॅथलॉन एक्सपी प्रोसेसरला ‘१८००+’ असं नाव दिलं, ते ग्राहक फक्त गिगाहर्ट्झ बघत होते म्हणूनच. पुढे इंटेलनेही ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४चा बेत सोडला आणि २००६मध्ये कमी क्लॉकचा कोअर २ ड्युओ आणून स्वतःच्याच जुन्या चिप मागे टाकल्या.

यावर जाणकार लगेच म्हणेल की तिथे रचना वेगवेगळ्या होत्या. इथे दोन्हींत झेन ३ या एकाच रचनेचे ८ कोअर आहेत, मग क्लॉकची तुलना का चालू नये? आक्षेप रास्त आहे. कोअरला लागणारी माहिती हाताशी असेल तोवर ही तुलना चालतेच. पण ती दरवेळी हाताशी नसते. एल३ कॅशेमधून, म्हणजे प्रोसेसरमधल्याच झटपट साठ्यातून, माहिती यायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात. तिथे ती सापडली नाही तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि डीडीआर४ प्रकारच्या रॅममध्ये त्याला सहसा ६० ते ८० नॅनोसेकंद जातात. ४.५ गिगाहर्ट्झवर ७० नॅनोसेकंद म्हणजे तीनशेहून जास्त क्लॉक सायकल. आधुनिक कोअर त्यातला काही वेळ दुसऱ्या कामाने भरून काढतो, पण सगळा नाही. अशा वेळी २०० मेगाहर्ट्झ जास्त असून काय उपयोग? जो वाट बघतोय, तो जरा जास्त वेगाने वाट बघणार, इतकंच.

५८००एक्समध्ये एल३ कॅशे ३२ एमबी आहे. एक्स३डीमध्ये त्यावर ६४ एमबीचा आणखी एक थर चढवलेला आहे, एकूण ९६. तक्त्यात नेमका हाच रकाना नाही! क्लॉक कमी आहे तोही याच थरामुळे: त्याला जास्त व्होल्टेज झेपत नाही, म्हणून मर्यादा घातली आहे.

‘सिनेबेंचमध्ये मागे’

मागे आहे, काही टक्क्यांनी. सिनेबेंच एक त्रिमितीय चित्र रेंडर करतो. चित्राचे छोटे तुकडे पाडून ते थ्रेडना (समांतर चालणाऱ्या कामांच्या धाग्यांना) वाटले जातात आणि त्या क्षणी लागणारी माहिती बहुतांशी कोअरजवळच्या छोट्या कॅशेत मावते. वरचे ६४ एमबी मग बसून राहतात आणि निकाल क्लॉकप्रमाणे लागतो. ज्याचं रोजचं काम रेंडरिंग आहे, त्याच्यासाठी हा आकडा चोख आहे आणि त्याने ५८००एक्सच घ्यावा. मात्र गेममध्ये प्रत्येक फ्रेमला हजारो वस्तूंची स्थिती मेमरीत इथून तिथून गोळा करावी लागते. त्या कामाबद्दल सिनेबेंच काहीच सांगत नाही.

‘१०८०पी ही हातचलाखी’

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण दावा करणाऱ्यांना वाटतं तसं नाही. ४केसारख्या जास्त रिझोल्यूशनवर फ्रेम काढण्याचा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. कार्डच दमलं की दोन्ही प्रोसेसर त्याची वाट बघत बसतात आणि आलेख सारखेच दिसतात. ती कार्डाची परीक्षा झाली. प्रोसेसर मोजायचा तर कार्डाला मोकळं ठेवावं लागतं, म्हणून रिझोल्यूशन खाली आणतात. ही पद्धत आहे, फसवणूक नाही.

तरी खरेदी करणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: तुम्ही ४केवर, सगळ्या सेटिंग चढवून खेळत असाल तर १०८०पीच्या आलेखातला मोठा फरक तुमच्या पडद्यावर बहुतेक दिसणारच नाही. शिवाय तो सगळ्या गेममध्ये सारखा नसतो. खुद्द एएमडीने १२ कोअरच्या ५९००एक्सपेक्षा गेममध्ये सरासरी १५ टक्के आघाडी सांगितली, तेव्हा त्यांच्याच आलेखात काउंटर-स्ट्राइक मात्र बरोबरीत होता. कंपनीने स्वतः निवडलेल्या गेमची सरासरी जपूनच घ्यायची, पण तो बरोबरीचा पट्टा त्यांनी झाकला नाही, हेही खरं.

‘बेंचमार्क खोटं बोलत नाहीत’

स्पेक ही बेंचमार्क ठरवणारी संस्था १९८८पासून आहे आणि तिचे नियम कडक मानले जातात. तरी २०२४च्या सुरुवातीला तिने स्पेक सीपीयू २०१७चे २६००हून अधिक निकाल बाद ठरवल्याचं समोर आलं, कारण इंटेलच्या कंपायलरमध्ये (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्यातल्या एका ठरावीक चाचणीपुरती खास सोय केलेली आढळली. प्रोसेसर तेच होते, फुगला होता तो गुण.

इथे तर तेवढ्या खोलात जायचीही गरज नाही. फिरणाऱ्या तक्त्यात सिनेबेंचची आवृत्ती लिहिलेली नाही, आणि आर२० व आर२३ या आवृत्त्यांचे गुण एका मापाचे नसतात. रॅम कोणत्या वेगाची होती, कूलर कोणता होता, चाचणी एकदाच चालवली की दहा मिनिटं सलग, यांपैकी काहीही नाही. दोन चिपमधला फरक जेमतेम काही टक्क्यांचा असताना एवढ्या गोष्टी गाळल्या, तर कमकुवत कूलरसुद्धा क्रम उलटा करू शकतो.